‘कड घासा, चमकते!’ : लेदरच्या छंदातल्या टिप्स धंद्यात आणताना

या आठवड्याचा व्हिडिओ बारा मिनिटांचा झाला आणि तरी निम्मं बोलायचं राहिलं. ते इथे लिहितेय. लेदरचं काम हौस म्हणून सुरू केलंय आणि आता दोन पैसे मिळाले तर बरं, असं वाटतंय, अशांसाठी हा लेख आहे. विषय आहे टिप्सचा. एकमेकांना आपण ज्या फुकट वाटतो ना, त्या.

आमच्या दुकानात दर रविवारी सकाळी दहा-बारा जण जमतात. कुणी बँकेत, कुणी आयटीत, एक रिटायर्ड शिक्षिका, एक कॉलेजातला मुलगा. प्रत्येकजण आपापलं काम घेऊन येतो. कुणाचं पाकीट अर्धं शिवून झालेलं असतं, कुणाचा बेल्ट. चहा येतो, गप्पा सुरू होतात आणि गप्पांत टिप्स सुटतात. "दोरा मेणावरून ओढून घे." "पंच मारताना खाली प्लॅस्टिकचा बोर्ड ठेव." "सोल्युशन लगेच चिकटवू नकोस, आधी सुकू दे." मी जे काही शिकले त्यातलं निम्म्याहून जास्त असंच शिकले. बीबीएमध्ये रापी कशी धरायची ते शिकवत नाहीत!

आणि माझं सगळ्यात मोठं नुकसान पण अशाच एका टिपमुळे झालं.

दिवाळीच्या आधी मला चाळीस कार्ड होल्डरची ऑर्डर मिळाली होती. एका ऑफिसला स्टाफला वाटायला हवे होते. माझी पहिली मोठी ऑर्डर. बजेट कमी म्हणून मी बाजारातून स्वस्तातला एक लॉट उचलला. मऊ, काळा, दिसायला झकास. आता कडा कशा फिनिश करायच्या? रविवारी विचारलं. ग्रुपमधल्या एकाने लगेच सांगितलं, "सोप्पंय. कड थोडी ओली कर, मेण लाव, जाड कापडाने घास. काचेसारखी चमकते." त्याचं स्वतःचं पाकीट त्याने दाखवलं. खरंच काचेसारखी कड होती.

मी घरी येऊन घासायला बसले. पहिला पीस, दुसरा पीस, पाचवा पीस. हात दुखायला लागले, पण कड तशीच केसाळ. वरून मधला निळसर-राखाडी थर दिसतोय तो वेगळाच. शेवटी डेडलाइनच्या भीतीने मी वरून साधा अॅक्रिलिक रंग फासला आणि माल दिला. पंधरा दिवसांत सतरा पीस परत आले. घडीवर रंग तडकून पापुद्रे निघत होते. एका माणसाच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशाला काळा डाग पडला होता, तो शर्ट पण मला दाखवायला आणला होता. सतरा पीस नवीन करून दिले, शर्टाचे पैसे दिले. एकूण अकरा हजारांच्या आसपास गेले आणि ते ऑफिस पुन्हा कधी आलं नाही.

टिप चुकीची होती का? अजिबात नाही. तो माणूस व्हेज टॅन चामड्यावर काम करतो, मी आणलं होतं क्रोम टॅन. त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. दोघांच्याही डोक्यात ‘चामडं म्हणजे चामडं’.

व्हेज आणि क्रोम

हे एकदा नीट समजून घ्या, कारण लेदरच्या टिप्समधले निम्मे वाद इथेच सुरू होतात. कच्चं कातडं तसंच ठेवलं तर सडतं. ते सडू नये म्हणून त्यावर प्रक्रिया करतात, त्याला आपल्याकडे कातडं कमावणं म्हणतात. जुनी पद्धत झाडाच्या साली-फळांची. बाभळीची साल, हिरडा यांत टॅनिन असतं, ते कातड्यात मुरवायचं. याला वेळ लागतो, दिवस नाही, आठवडे. कोल्हापूर भागात तर कातड्याचीच पिशवी शिवून, त्यात सालीचं आणि हिरड्याचं पाणी भरून टांगून ठेवायची पद्धत होती. हे झालं व्हेज टॅन. नाव ऐकून गैरसमज नको, चामडं जनावराचंच असतं, फक्त कमावलेलं वनस्पतीने!

दुसरी पद्धत क्रोमियमच्या क्षारांची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ती आली आणि आज जगातलं बहुतेक चामडं तसंच कमावलं जातं, कारण काम झटपट होतं आणि माल मऊ, पाण्याला बऱ्यापैकी टिकणारा निघतो. क्रोममध्ये कमावलेलं ओलं कातडं निळसर दिसतं. माझ्या कडेतून डोकावणारा निळसर-राखाडी थर तोच.

आता फरक काय पडतो बघा. व्हेज टॅन ओलं केलं की त्यावर ठसा बसतो, नक्षी उठते, कड घासली की तंतू दबून चमकतात, ऊन लागलं की रंग गडद होत जातो. क्रोम टॅनमध्ये यातलं जवळजवळ काहीच होत नाही. ठसा मारा, थोड्या वेळाने पुन्हा सपाट. कड कितीही घासा, माझ्यासारखे हात दुखवून घ्याल. क्रोमच्या कडेला दोनच रस्ते. एकतर कड आत दुमडून शिवायची, नाहीतर खास कडेसाठी मिळणारा लवचिक रंग लावायचा. तोही एका थरात नाही. पातळ थर, सुकवणं, बारीक पॉलिश पेपरने घासणं, पुन्हा थर. तीन-चार वेळा तरी.

दुकानदार काहीही सांगू दे, तुम्ही स्वतः बघून घ्या. कापलेली कड बघा, मध्ये निळसर किंवा राखाडी रेघ दिसली तर बहुतेक क्रोम. पण काळं किंवा ब्राऊन आरपार रंगवलेलं असेल तर रेघ दिसणार नाही. मग उलट्या बाजूला नखाने जोरात रेघ ओढा. व्हेजवर ती राहते. रंग न दिलेल्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाका, व्हेज तो पिऊन लगेच गडद होतं. वासही सांगतो, व्हेजला लाकडासारखा, सालीसारखा वास असतो. एका चाचणीवर जाऊ नका, तीन-चार करून मग ठरवा. आणि मिक्स पद्धतीने कमावलेलं चामडंही बाजारात असतंच, ते मधल्यामध्ये वागतं. म्हणून नवीन लॉट घेतला की आधी तळहाताएवढा तुकडा सगळ्या प्रक्रियेतून काढायचा, ऑर्डर त्यानंतर.

शर्टाला डाग पडला त्याचंही सांगते, कारण ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि मी केली नव्हती. पांढरं सुती फडकं घ्या, चामड्यावर दहा वेळा जोरात घासा. मग तेच फडकं थोडं ओलं करून पुन्हा दहा वेळा. रंग फडक्यावर आला तर तो कस्टमरच्या कपड्यावर पण येणार. तुम्ही स्वतः रंगवला असेल तर कोरड्या फडक्याने रंग निघायचा बंद होईपर्यंत पुसा आणि वरून फिनिशचा थर द्या. विकत आणलेला लॉटच रंग सोडत असेल तर तो खिशात ठेवायच्या वस्तूंना वापरूच नका.

टिप येते कुठून?

आपण व्हिडिओ बघतो, पुस्तकं चाळतो, तिथल्या बऱ्याच टिप्स अमेरिकेतून आलेल्या असतात. त्यामागे एक धंद्याची गोष्ट आहे, आणि मला ती फार आवडते. १९१९ मध्ये टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला हिंकली आणि टँडी या दोघांनी चपला-बूट दुरुस्त करणाऱ्यांना तळाचं चामडं आणि सामान पुरवायचं काम सुरू केलं. दुसऱ्या महायुद्धात बुटांच्या चामड्यावर बंधनं आली आणि हा धंदा अडचणीत आला. टँडींचा मुलगा चार्ल्स तेव्हा नौदलात होता. लष्करी हॉस्पिटलांत जखमी सैनिकांना मन आणि हात गुंतवायला लेदरचं काम देतात, हे त्याने पाहिलं आणि वडिलांना कळवलं, की इथे बाजार आहे. युद्धानंतर टँडीने हौशी लोकांना हत्यारं, किट, डिझाइनची पुस्तकं विकायला सुरुवात केली आणि अमेरिकेत छंदाची एक मोठी पिढी उभी राहिली. (याच चार्ल्सने पुढे १९६३ मध्ये रेडिओशॅक विकत घेतलं. त्यावर कधीतरी वेगळा व्हिडिओ करू.) हाताने शिवण्याबद्दल अल स्टोलमनचं ‘द आर्ट ऑफ हँड सुइंग लेदर’ हे पुस्तक आजही हौशी लोकांमध्ये चालतं, ते याच परंपरेतलं.

म्हणजे या टिप्स ज्या चामड्यावर तयार झाल्या ते बहुतेक करून गाईच्या जातीच्या जनावरांचं जाड व्हेज टॅन. तिथे जाडी औंसात सांगतात. एक औंस म्हणजे साधारण ०.४ मिलिमीटर. ‘आठ-नऊ औंसाचं घ्या’ असं कुणी म्हणालं तर ते ३.२ ते ३.६ मिलिमीटर झालं, बेल्टसाठी ठीक. त्याचं पाकीट करायला गेलात तर खिशात वीट ठेवल्यासारखं वाटेल! पाकिटाच्या आतल्या कप्प्यांना एक मिलिमीटरच्या आसपास पुरतं. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्यानंतर इथलं स्थानिक चामडं मुख्यतः म्हशीचं, नाहीतर शेळी-मेंढीचं. म्हशीचा पोत वेगळा, दाणा मोठा, तंतू सैल. तिकडचा व्हिडिओ बघून तसंच्या तसं केलं आणि जमलं नाही, तर लगेच ‘माझ्या हातात कला नाही’ असं म्हणू नका. (आणि काय घेतलं त्याचं बिल ठेवा. कस्टमर "कशाचं आहे?" विचारतोच, तेव्हा खरं उत्तर हवं.)

हवेचं पण तसंच. नक्षी उठवायला चामडं ओलं करतात आणि मूळ रंग परत यायला लागेपर्यंत थांबतात. हाताला गार लागतं पण ओलं दिसत नाही, ती वेळ ठशाची. आता कुणी म्हणालं "वीस मिनिटं थांब", तर ते कुठल्या गावातली वीस मिनिटं? मे महिन्यात नागपूरला तेवढ्यात चामडं कडक होऊन बसेल आणि जुलैत रत्नागिरीला तासभर गेला तरी ओलंच. घड्याळ बघू नका, रंग बघा. ‘रात्रभर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा’ ही टिप पावसाळ्यात तर मुळीच ऐकू नका, एकदा विसरलात की बुरशी. पावसाळ्यात माल सुती कापडात किंवा ब्राऊन पेपरमध्ये, हवा लागेल असा ठेवायचा.

काही टिप्स मात्र कुठल्याही गावात चालतात, कारण त्या चामड्यावर अवलंबून नाहीत. हातशिलाईचंच घ्या. एक दोरा, दोन टोकांना दोन सुया, प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. मशिनच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात, एक तुटला की टाके उसवत जातात. हातशिलाईत एका बाजूचा दोरा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. दोरा शिलाईच्या लांबीच्या चौपट घ्या, जाड मालाला थोडा जास्त. प्रत्येक भोकात आधी कोणती सुई जाते तो क्रम शेवटपर्यंत बदलायचा नाही, नाहीतर टाके एका रेषेत तिरके पडत नाहीत आणि कस्टमरला नेमकं काय खटकतंय ते कळत नाही, पण खटकतं.

विचारायचं कसं

त्या दिवाळीनंतर आम्ही रविवारच्या गप्पांना एक सवय लावली. नियम म्हटलं की लोक येत नाहीत, म्हणून सवय. प्रश्न विचारताना हातात बिघडलेला पीस हवा. आणि सोबत चार गोष्टी सांगायच्या: चामडं कोणतं आणि किती जाड, त्यावर आधी काय लावलंय, हत्यार किंवा केमिकल कोणतं, आणि वस्तू कशासाठी वापरणार.

शेवटची गोष्ट लोक हमखास विसरतात. आमच्याकडच्या मुलाने एकदा विचारलं, "चामड्याला तेल कुठलं लावू?" तिघांनी तीन तेलं सांगितली. शिक्षिका बाईंनी विचारलं, "अरे, पण करतोयस काय?" तो चष्म्याचं कडक घर करत होता! त्याला तेल नकोच होतं. तेलाने चामडं मऊ पडलं असतं आणि घर बसलं असतं.

बिघडलेला पीस हातात असला की बोलणं लगेच मुद्द्यावर येतं. एकीने व्हेज टॅनची पट्टी आणली, त्यावर ठिकठिकाणी काळे-निळे ठिपके. तिला वाटलं बुरशी आली. पीस फिरवून बघितला तर ठिपके बरोबर तिथेच, जिथे ओल्या चामड्यावर तिने लोखंडी पट्टी ठेवली होती. टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात भेटले की काळा रंग तयार होतो. नुसतं बोलून विचारलं असतं तर आम्ही बुरशीचं औषध सांगितलं असतं! यातून उलटी आयडिया पण निघते. व्हिनेगरमध्ये लोखंडी तारेची घासणी काही दिवस बुडवून ठेवली की ते पाणी व्हेज टॅनला आतपर्यंत काळं करतं, आणि वरून लावलेल्या रंगासारखं ते शर्टाला लागत नाही. मला हे दिवाळीआधी माहीत असतं तर! अर्थात माझं चामडं क्रोम होतं, त्यावर हे चाललंच नसतं.

टिप देणाऱ्याचं पण काम आहे. ‘असं कर’ म्हणण्याऐवजी ‘मी दीड मिलिमीटरच्या व्हेजवर असं केलं, बेल्टला, हिवाळ्यात’ असं सांगायचं. दोन वाक्यं जास्त लागतात. आणि ‘हे मी स्वतः केलंय’ की ‘कुठेतरी ऐकलंय’ हेही सांगून टाकायचं. ऐकीव टिप द्यायला हरकत नाही, पण ती ऐकीव म्हणूनच द्या. मी प्रत्येक टिप एका वहीत लिहिते, शेजारी तुकडा स्टेपल करते. जमली तर बरोबरची खूण, नाही जमली तर का, ते. ही वही आज माझ्या ट्रेनिंगची खरी सिलॅबस आहे.

मामांचा रविवार

आता जरा अवघड विषय. आमच्या चौकात चपला दुरुस्त करणारे एक मामा बसतात. वय साठीच्या पुढे. सुरुवातीला मीच त्यांना रविवारी बोलावलं. त्यांनी रापी दगडावर कशी लावायची, कड पातळ करताना हात किती आडवा धरायचा, आरीने दोरा कसा ओढायचा, हे दाखवलं. आम्ही सगळे थक्क. आमच्याकडे ऑनलाइन मागवलेली महागडी हत्यारं, त्यांच्याकडे एक रापी, एक टोच्या, एक आरी आणि लोखंडी ऐरण. ते मग दर रविवारी यायला लागले. आम्ही प्रश्न विचारायचो, व्हिडिओ काढायचो, चहा द्यायचो.

तीन-चार महिन्यांनी ते यायचे बंद झाले. मी चौकात जाऊन विचारलं, "मामा, रागावलात का?"

ते म्हणाले, "राग कसला ताई. पण रविवारीच गिऱ्हाईक जास्त असतं. सकाळचे दोन तास तुमच्याकडे गेले की माझे दोन-तीनशे रुपये जातात. तुमची ती हौस आहे, माझं पोट आहे."

मला उत्तर सुचलं नाही. मी लोकांना कॉस्टिंग शिकवते, वेळेची किंमत धरा म्हणून सांगते, आणि मामांच्या दोन तासांची किंमत मी एक कप चहा धरली होती. वर त्यांची शिकवण मी माझ्या फी घेतलेल्या वर्कशॉपमध्ये वापरत होते!

इथे फक्त पैशाचा हिशोब नाही. महाराष्ट्रात कातडं कमावायचं काम ढोर समाजाने आणि त्याच्या वस्तू करायचं काम चर्मकार समाजाने पिढ्यान् पिढ्या केलं, आणि याच कामावरून त्यांना शिवाशिव सोसावी लागली. आज आपण तेच काम करतो तेव्हा लोक ‘वा, हँडक्राफ्टेड!’ म्हणतात. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा आमच्या रविवारच्या गप्पांत सगळे तावातावाने बोलत होते. टीका झाल्यावर कंपनीने मान्य केलं, की प्रेरणा भारतातल्या पारंपरिक चपलेची आहे. मी पण तेव्हा खूप बोलले. पण मामांचं नाव तरी मी माझ्या किती व्हिडिओंत घेतलं होतं? एकाही नाही.

मग आम्ही ठरवलं. मामा महिन्यातून दोनदा येतात, दोन तासांचे हजार रुपये, ग्रुप वर्गणी काढून देतो. माझ्या वर्कशॉपमध्ये शिकवतात तेव्हा फीतला हिस्सा वेगळा. व्हिडिओत दिसायचं की नाही ते त्यांना विचारून. त्यांनी नाव नको सांगितलंय, म्हणून इथेही नाही. पहिल्यांदा पैसे हातात दिले तेव्हा एक-दोन मेंबर कुरकुरले, "छंदात कसले पैसे?" त्यातला एक नंतर यायचा बंद झाला. ठीक आहे.

यातलाच एक कामाचा मुद्दा. कुणी मामांकडून वादीची चप्पल करायला शिकलं, म्हणून तिला ‘कोल्हापुरी’ म्हणून विकायला सुरुवात करू नका. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय मिळालाय. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर, एवढ्या आठ जिल्ह्यांपुरता. नोंदणी महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकाचं लिडकार या दोन महामंडळांकडे आहे. ते नाव लावायचं तर त्या भागात, त्या पद्धतीने केलेली आणि रीतसर नोंदणी असलेली चप्पल हवी. तुमची चप्पल तुमच्या नावाने विका, छान विकेल.

हौशी किंमत

सर्वात जास्त नुकसान करणारी टिप कुठली माहितेय? "सामानाचे पैसे निघाले की बास, आपण काय दुकान थोडीच चालवतो!" ही रविवारच्या गप्पांत हमखास ऐकू येते.

एक साधा कार्ड होल्डर घ्या. समजा वाया जाणारं धरून अर्धा स्क्वेअर फूट चामडं लागलं, भाव १६० रुपये, म्हणजे ८०. दोरा, सोल्युशन, कडेचा रंग २०. पाकीट, टॅग २५. इथे हौशी माणूस थांबतो: सव्वाशे झाले, अडीचशेला देतो, डबल झाले की! पण हाताने शिवायला अडीच तास लागलेत. तासाला फक्त १०० रुपये धरले तरी २५०. पंचची धार, ब्लेड, लाइट, जागा, बिघडलेला एखादा पीस यांचे ४० धरा. झाले ४१५. विकताना तीस टक्के मार्जिन हवं असेल तर ४१५ भागिले ०.७, म्हणजे ५९० च्या पुढे. अडीचशेला विकणारा प्रत्येक पीसमागे १६५ रुपये स्वतःच्या खिशातून घालतोय. त्याचा पगार चालू आहे म्हणून त्याला कळत नाही.

त्याला कळलं नाही तरी एक वेळ चालेल. पण त्याच गल्लीत जो याच कामावर घर चालवतो, त्याच्याकडे जाऊन कस्टमर म्हणतो, "अहो, तो तर अडीचशेला देतो." मामांनी मला हे स्वतः सांगितलंय. बेल्टला नवीन वादी लावायचे त्यांनी दीडशे सांगितले, तर गिऱ्हाईक म्हणालं, "आमच्या ऑफिसातला एकजण फुकट करून देतो." तेव्हा भेट द्यायची तर खुशाल भेट द्या, पैसे घेऊच नका. पण विकायचं ठरवलंत तर पूर्ण भावाने विका.

मग गप्पांत काय सांगायचं आणि काय नाही? मी तंत्र सगळं सांगते. हातशिलाई सांगून माझा धंदा कमी होत नाही, तुमचा हात बसायला वर्ष लागणारच आहे. चामडं कुठल्या बाजारात मिळतं तेही सांगते, धारावीचा लेदर बाजार काही गुपित नाही. पण माझ्या सप्लायरने मला दिलेला खास भाव, कस्टमरने दिलेलं डिझाइन आणि दुसऱ्या मेंबरने विश्वासाने दाखवलेला पॅटर्न, या तीन गोष्टी माझ्या नाहीतच, तर मी वाटणार कशा? पॅटर्न हवा असेल तर ज्याचा आहे त्याला विचारा. आमच्याकडे एकीच्या टोट बॅगचा पॅटर्न दुसऱ्याने न विचारता प्रदर्शनात विकायला मांडला. त्या दोघांना एका टेबलावर बसवायला मला दोन महिने लागले.

पुढच्या रविवारी मामा येणार आहेत, विषय आहे रापीची धार. येणाऱ्यांनी आपली बोथट हत्यारं आणा, वर्गणी शंभर रुपये. सोबत व्हेजचा आणि क्रोमचा एकेक तुकडा आणा, दोन्हींवर तीच धार कशी वेगळी चालते ते बघू. कोणता कुठला हे ओळखता येत नसेल तर तसेच घेऊन या. पाणी आणि नखं आमच्याकडे आहेत.